बोकाचिकाच्या वाटेने कार्ताहेनात

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील कार्ताहेना दे इंदियास या बंदरात क्रूझने येणारा प्रवासी साधारणपणे सकाळी धक्क्यावर उतरतो आणि दिवस मावळण्याच्या सुमारास जहाजावर परततो. म्हणजे जवळजवळ पाच शतकांचा इतिहास असलेल्या शहरासाठी त्याच्या हाती सात-आठ तासच असतात. हे तास कसे खर्च व्हावेत याचा एक ठरीव क्रम धक्क्यावर उभ्या असलेल्या बसगाड्यांनी आखून ठेवलेला आहे: टेकडीवरचा मठ, मोठा किल्ला, पाचूंची दुकाने, तटाच्या आतल्या रंगीत गल्ल्या आणि परत. या क्रमाने गेलेल्या माणसाला शहर सुंदर वाटते, परंतु ते तसे का उभे राहिले याचा उलगडा होत नाही, कारण कार्ताहेना हे पाण्याकडून समजून घ्यावे लागणारे शहर आहे आणि ते समजण्याची सुरुवात जहाज धक्क्याला लागण्याच्या तासभर आधी, डेकवरच होते.

या शहरापुढे दक्षिणेकडे एक विस्तीर्ण आणि शांत उपसागर पसरलेला आहे. खुला समुद्र आणि हा उपसागर यांच्यामध्ये तिएर्रा बोंबा नावाचे बेट आडवे पडल्याने आत शिरण्यासाठी दोन मुखे तयार झाली: शहराला लागून असलेले रुंद मुख, ज्याला बोकाग्रांदे म्हणजे मोठे तोंड म्हणतात, आणि बेटाच्या दक्षिण टोकाशी असलेले अरुंद मुख, म्हणजे बोकाचिका, अर्थात लहान तोंड. नकाशा पाहणाऱ्या कोणालाही वाटेल की जहाजाने मोठ्या मुखातून थेट शहराकडे यावे. परंतु आजची अवाढव्य प्रवासी जहाजेदेखील बेटाला वळसा घालून दक्षिणेच्या अरुंद वाटेनेच आत येतात. यामागे निसर्ग आणि मानवी योजना या दोहोंचा हात आहे. १६४० मध्ये बोकाग्रांदेच्या मुखाशी काही गलबते रुतून बुडाली, त्यांच्या सांगाड्यांभोवती वाळू साठत गेली आणि ते मुख हळूहळू बुजले. पुढे अठराव्या शतकात लाटांनी तो वाळूचा बांध फोडून वाट पुन्हा मोकळी केली, तेव्हा शत्रूचे आरमार थेट शहराच्या उंबऱ्याशी येण्याचा धोका निर्माण झाला. त्यावर आंतोनिओ दे आरेवालो या स्पॅनिश लष्करी अभियंत्याने १७७१ ते १७७८ या काळात मुखाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पाण्याखाली दगडांचा बांध घातला. एस्कोयेरा नावाने ओळखला जाणारा हा बांध आजही पाण्याखाली उभा आहे, आणि एकविसाव्या शतकातल्या जहाजाचा मार्ग अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या निर्णयाने बांधून ठेवला आहे.

बोकाचिकाची सामुद्रधुनी ओलांडताना जहाजाच्या दोन्ही अंगांना जुनी बांधकामे अगदी जवळून दिसतात. एका बाजूला तिएर्रा बोंबा बेटावरचा सान फेर्नांदोचा नालाकृती किल्ला आणि समोरच्या बाजूला जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बांधलेला सान होसेचा तोफमोर्चा आहे. या दोहोंची रचना परस्परपूरक असून आत येणाऱ्या गलबतावर दोन्हीकडून एकाच वेळी मारा व्हावा, आणि खालच्या मोर्च्यातील गोळे जहाजाच्या पाण्यालगतच्या भागावर बसावेत, हा त्यामागचा हिशेब होता. हे दोन्ही किल्ले १७४१ च्या इंग्रज स्वारीनंतर, त्या स्वारीत उद्ध्वस्त झालेल्या जुन्या सान लुईस किल्ल्याची जागा घेण्यासाठी बांधले गेले. न्याहारीच्या वेळी जहाजाच्या भोजनगृहात बसून राहणारे बहुसंख्य प्रवासी हा सारा देखावा गमावतात, आणि पुढे दिवसभर ते जे पाहतात त्याचे कारणच त्यांच्या नजरेआड राहते.

धक्का मांगा नावाच्या बेटवजा उपनगरात आहे. प्रवाशांसाठी तेथे झाडी लावून मकाव पोपट, रोहित पक्षी आणि मोर यांचे एक उद्यान केले आहे आणि शेजारीच कंटेनरांचे डोंगर रचलेले दिसतात. हे दृश्य महत्त्वाचे आहे, कारण कार्ताहेना हे स्मारक होऊन थांबलेले शहर नसून कोलंबियाच्या प्रमुख मालबंदरांपैकी एक आहे. येथून तटबंदीच्या मुख्य दरवाजापर्यंतचे तीन-चार किलोमीटरांचे अंतर टॅक्सीने काही मिनिटांत संपते.

स्पॅनिश अधिकारी पेद्रो दे एरेदिया याने १ जून १५३३ रोजी कालामारी या मूळ रहिवाशांच्या गावाच्या जागी हे शहर वसवले. स्पेनमध्ये त्याच नावाचे बंदर आधीच असल्याने नव्या शहराला ‘दे इंदियास’, म्हणजे इंडीजमधले, अशी पुस्ती जोडली गेली. आरंभीची संपत्ती लुटीची होती: दक्षिणेकडील सिनू नदीच्या खोऱ्यात सेनू लोकांनी आपल्या मृतांसोबत पुरलेले सोने एरेदियाच्या माणसांनी थडगी उकरून काढले. त्यानंतर शहराचे भाग्य स्पेनच्या ताफापद्धतीशी बांधले गेले. चाचे आणि शत्रुराष्ट्रे यांच्यापासून खजिना वाचवण्यासाठी स्पेनने व्यापारी गलबतांना लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात, ठरावीक बंदरांमार्गे, एकत्र प्रवास करण्याची सक्ती केली होती. पेरूच्या बाजूने पॅसिफिकमार्गे पनामाला येणारी पोतोसीची चांदी पनामाची संयोगभूमी ओलांडून पोर्तोबेलोच्या जत्रेत पोहोचेपर्यंत हा ताफा कार्ताहेनाच्या सुरक्षित उपसागरात महिनोन्‌महिने नांगर टाकून बसे, आणि परतीच्या वाटेवर हावाना गाठण्यापूर्वी पुन्हा येथेच थांबे. जगातल्या चांदीचा मोठा वाटा ज्या वाटेने युरोपात गेला, त्या वाटेवरचे हे कुलूप होते.

कुलूप तोडण्याचे प्रयत्न अर्थातच वारंवार झाले. १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक याने शहर जिंकले, घरे जाळण्यास सुरुवात केली आणि एक लाखाहून अधिक डुकॅटांची (डुकॅट हे त्या काळचे सोन्याचे नाणे) खंडणी घेऊनच तो निघाला. स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याने त्याच वर्षी बाउतिस्ता आंतोनेल्ली या इटालियन अभियंत्यास कॅरिबियनमधील बंदरांच्या संरक्षणाचे आराखडे करण्यास पाठवले. त्या आराखड्यातून सुरू झालेले तटबंदीचे काम, वादळे आणि युद्धे यांत पुन्हापुन्हा कोसळत आणि उभे राहत, दोन शतकांनी आरेवालोच्या हातून १७९६ च्या सुमारास पुरे झाले. एकूण सुमारे ११ किलोमीटर लांबीचा तट घालण्यासाठी लागणारी प्रवाळयुक्त चुनखडी आसपासच्या बेटांवरून आणली जाई. तटाच्या चिऱ्यांकडे जवळून पाहिल्यास त्यांत प्रवाळांच्या नक्षी आणि शिंपले स्पष्ट दिसतात. दगड फोडणे, वाहणे, चुना भाजणे आणि चिरे रचणे या कामांत कैदी व मोलाने राबणारे मजूर होते, तसेच गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोकही मोठ्या संख्येने होते. तटाची लांबी-रुंदी सांगणारे वाटाडे हा भाग एका वाक्यात उरकतात. वस्तुतः शहराच्या इतिहासाचा कणा तोच आहे.

घड्याळाच्या मनोऱ्याखालचा दरवाजा हा जुन्या शहरात शिरण्याचा मुख्य मार्ग. या दरवाजातून आत येताच जो त्रिकोणी चौक लागतो त्याला आज प्लासा दे लोस कोचेस, म्हणजे बग्ग्यांचा चौक, म्हणतात. मध्यभागी संस्थापक एरेदियाचा पुतळा आहे आणि एका कडेला कमानींच्या ओवरीत खोबऱ्याच्या, दुधाच्या आणि चिंचेच्या मिठाया काचेच्या बरण्यांत मांडून विकणाऱ्या बायकांची रांग बसते. याच चौकात गुलामांचा बाजार भरत असे. स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींत आफ्रिकेतून माणसे कायदेशीरपणे उतरवण्याची परवानगी मोजक्याच बंदरांना होती आणि कार्ताहेना व मेक्सिकोतील वेराक्रूस ही त्यांपैकी प्रमुख होती. हा व्यापार ‘आसिएन्तो’ नावाच्या मक्त्याने चाले, म्हणजे ठरावीक संख्येने माणसे पुरवण्याचा ठेका राजसत्ता एखाद्या व्यापाऱ्याला किंवा कंपनीला देई. हा ठेका आधी पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडे होता आणि १७१३ नंतर इंग्रजांच्या साउथ सी कंपनीकडे गेला. वरच्या गिनीच्या किनाऱ्यावरून आणि अंगोलातून निघालेली, वाटेत मेलेल्यांची गणती वगळता एक लाखाहून अधिक माणसे या बंदरात उतरवली गेली आणि येथून पुढे पनामा, लिमा, कितो आणि कोलंबियातील सोन्याच्या खाणींकडे विकली गेली. चौकात आज बग्ग्या, छत्र्या आणि पर्यटक यांची दाटी असते. येथे पाच मिनिटे उभे राहून मगच मिठाईच्या ओवरीकडे वळणे हा या शहराचा किमान मान आहे.

बाजाराच्या जागेपासून काही पावलांवर जकात कचेरीचा प्रशस्त चौक आणि त्याच्या पलीकडे सान पेद्रो क्लावेरचे चर्च आणि जोडीला जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा जुना मठ आहे. दिवसातील एक तास या वास्तूला द्यावा, मग इतर काही राहिले तरी चालेल. पेद्रो क्लावेर हा कातालोनियातील वेर्दू गावी १५८० मध्ये जन्मलेला जेझुइट धर्मगुरू १६१० मध्ये कार्ताहेनाला आला आणि १६५४ मध्ये मरेपर्यंत, काही वर्षांचा अपवाद वगळता, येथेच राहिला. गुलामांचे जहाज लागल्याची वर्दी येताच पाणी, फळे आणि औषधे घेऊन तो धक्क्यावर जाई, तळघरासारख्या कोठारांत कोंडलेल्या आजारी माणसांची शुश्रूषा करी आणि त्यांना बाप्तिस्मा देई. १६२२ मध्ये अंतिम व्रते घेताना त्याने स्वतःला काळ्या लोकांचा आजन्म गुलाम म्हणवून घेतले, आणि १८८८ मध्ये पोप तेराव्या लिओने त्याला संतपद दिले. चर्चच्या मुख्य वेदीत काचेआड त्याच्या अस्थी ठेवलेल्या आहेत.

एवढी हकीकत कोणताही वाटाडा सांगतो. तीत दोन गोष्टींची भर घालणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे क्लावेरच्या आधी येथे काम करणारा आलोन्सो दे सान्दोवाल हा जेझुइट, ज्याने १६२७ मध्ये आफ्रिकेतील लोकांचे समाज, भाषा आणि गुलामांच्या व्यापारातील क्रौर्य यांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यापाराच्या वैधतेबद्दल त्याच्या मनात शंका होत्या, तरी गुलामगिरी मुळातून नाकारण्यापर्यंत तो गेला नाही, आणि त्याच्या काळातील चर्चच्या नैतिक मर्यादा त्या ग्रंथात प्रामाणिकपणे उमटल्या आहेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: जहाजातून उतरणारी माणसे दहा-बारा वेगवेगळ्या भाषा बोलत, आणि त्यांच्याशी बोलण्यासाठी क्लावेर ज्या दुभाष्यांवर अवलंबून होता ते स्वतः जेझुइटांच्या मालकीचे आफ्रिकी गुलाम होते. अंगोलाचा आंद्रेस साकाबुचे हा त्यांपैकी एक. क्लावेरच्या मृत्यूनंतर त्याच्या पुण्यशीलतेची जी चौकशी झाली तीत या दुभाष्यांच्या साक्षी नोंदवल्या गेल्या आणि संताविषयी आज जे माहीत आहे त्यातील पुष्कळसे त्यांच्या तोंडून आलेले आहे. रोग्याला धीर देणारा पहिला समजता येणारा शब्द या माणसांचा होता. चर्चला एका संताचे नाव आहे, परंतु तेथील सेवेचे श्रेय अनेकांमध्ये वाटले जायला हवे, असे म्हणण्यास या नोंदींचा भक्कम आधार आहे.

पुढचा टप्पा थोडक्यात आटोपला तरी हरकत नाही. बोलिवार चौकाच्या एका बाजूला इन्क्विझिशनचा वाडा आहे. इन्क्विझिशन म्हणजे कॅथलिक श्रद्धेपासून ढळलेल्यांचा शोध घेऊन त्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालय, जे कार्ताहेनात १६१० मध्ये स्थापन झाले आणि ज्याच्यापुढे छुपे ज्यू, प्रोटेस्टंट खलाशी आणि जादूटोण्याचा आरोप ठेवलेल्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया उभ्या केल्या गेल्या. त्याच चौकातील सुवर्णसंग्रहालय लहान आहे, पण सेनू लोकांच्या सोनेकामाबरोबरच पूरप्रवण मैदानात त्यांनी शतकानुशतके राखलेल्या कालव्यांच्या जाळ्याची माहिती तेथे मिळते, आणि एरेदियाने ज्यांची थडगी उकरली ते लोक कोण होते हे कळते. गल्ल्यांतील घरांचे लाकडी सज्जे, त्यांवरून ओसंडणारी बोगनवेल, कासव किंवा सिंहमुखाच्या आकाराचे पितळी दारठोके यांचे सौंदर्य खरेच आहे. साहित्यप्रेमी वाचकांसाठी आणखी एक जागा आहे: गाब्रिएल गार्सिया मार्केस १९४८ मध्ये बोगोतातील दंगलींनंतर येथे आला आणि ‘एल युनिव्हर्साल’ या दैनिकात त्याने पत्रकारितेची उमेदवारी केली. ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’ या इंग्रजी नावाने परिचित असलेल्या कादंबरीतील बेनाव शहरावर कार्ताहेनाची गडद छाया आहे, आणि त्याच्या अस्थी २०१६ पासून येथील विद्यापीठाच्या ला मेर्सेद मठाच्या प्रांगणात आहेत. तेथे गर्दी नसते.

गल्ल्यांच्या तोंडाशी डोक्यावर फळांची परात घेतलेल्या, पिवळ्या, निळ्या, तांबड्या घोळदार झग्यांतील काळ्या स्त्रिया भेटतात. क्रूझच्या जाहिरातींत हमखास झळकणाऱ्या या स्त्रियांना पालेंकेरा म्हणतात, कारण त्या किंवा त्यांचे पूर्वज शहराच्या आग्नेयेला सुमारे ५० किलोमीटरांवरील सान बासिलिओ दे पालेंके या गावचे आहेत. पालेंके म्हणजे लाकडी मेढेकोट; पळून गेलेले गुलाम जंगलात अशा कुडांच्या आत वस्ती करीत आणि तेच त्या वस्त्यांचे नाव झाले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बेन्कोस बिओओ नावाचा गिनी किनाऱ्यावरून आणलेला एक पुरुष आपल्या कुटुंबीय व साथीदारांसह कार्ताहेनातून निसटला, दलदलीच्या प्रदेशात त्याने अशी वस्ती उभारली आणि पाठलागावर आलेल्या तुकड्यांना परतवून लावले. गव्हर्नरला त्याच्याशी तह करावा लागला, ज्यान्वये त्याला शहरात सशस्त्र वावरण्याची मुभा मिळाली. पण १६२१ मध्ये विश्वासघाताने पकडून त्याला फाशी देण्यात आली. मेढेकोट मात्र संपले नाहीत. सतराव्या शतकाच्या शेवटी राजाज्ञेने आणि १७१३-१४ च्या सुमारास झालेल्या कराराने सान बासिलिओच्या लोकांचे स्वातंत्र्य मान्य करणे स्पेनच्या सत्तेला भाग पडले, म्हणजे कोलंबियात १ जानेवारी १८५२ पासून गुलामगिरी कायद्याने संपली त्याच्या जवळजवळ दीड शतक आधी हे गाव मोकळे होते. तेथील लोकांची पालेंकेरो भाषा स्पॅनिश शब्दसंग्रह आणि मध्य आफ्रिकेतील किकाँगोचे संस्कार यांतून घडलेली असून तेथील संस्कृतीचा युनेस्कोने २००५ मध्ये मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशात समावेश केला.

पालेंकेरांच्या परातीत मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक जुनी देवघेव मांडलेली असते. अननस, पपई आणि पेरू ही अमेरिकेची फळे पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात उतरली आणि कोकणच्या परसात रुजली. काजूही त्याच वाटेने आला. उलट आंबा भारतातून निघून युरोपीय जहाजांमार्फत अठराव्या शतकात कॅरिबियन बेटांवर पोहोचला, आणि कार्ताहेनाच्या रस्त्यांवर कैरीच्या फोडी मीठ आणि लिंबू लावून विकल्या जातात. अटलांटिकच्या किनाऱ्यावरील नारळदेखील हिंदी महासागराच्या काठच्या नारळांचा वंशज असल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसून आले आहे. मिठाईच्या ओवरीतील ‘कोकादा’ ही खोबऱ्याची वडी आणि माशांसोबत मिळणारा नारळाच्या दुधातला भात यांचा उगम त्या प्रवासात आहे.

दुपारी उन्हाचा ताप वाढतो; विषुववृत्तापासून केवळ दहा अंश उत्तरेला असलेल्या या शहरात पारा बाराही महिने तिशीच्या वर जातो. म्हणून सान फेलिपे दे बाराहासचा किल्ला, जो तटाबाहेर सान लासारो टेकडीवर आहे, सकाळी सर्वप्रथम पाहावा किंवा उन्हे कलल्यावर पाहावा. भर दुपारी तेथे सावली म्हणून मिळते ती भुयारांतच. १६५७ मध्ये गव्हर्नर पेद्रो सापाता दे मेन्दोसा याच्या काळात टेकडीच्या माथ्यावर जी गढी बांधली गेली ती आकाराने लहान होती, आणि आज दिसणारा एकावर एक चढत गेलेल्या मोर्च्यांचा प्रचंड विस्तार आरेवालोने १७६२ ते १७६९ मध्ये केला. टेकडीच्या उतारांनाच दगडी कवच चढवून हा किल्ला घडवला आहे. प्रत्येक मोर्चा वरच्या मोर्च्याच्या माऱ्याखाली ठेवला आहे, जेणेकरून खालचा शत्रूच्या हाती गेला तरी त्याला तेथे टिकता येऊ नये. पोटातून काढलेल्या अरुंद भुयारांमधून शिबंदीची हालचाल होई आणि त्यांतून पावलांचा आवाज दूरवर पोहोचतो. स्पेनने अमेरिकेत उभारलेल्या सर्वांत मोठ्या किल्ल्यांत त्याची गणना होते.

या किल्ल्याची कीर्ती ज्या लढाईने झाली ती या विस्तारापूर्वीची आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. १७३९ मध्ये इंग्लंड आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटले आणि १७४१ च्या मार्चमध्ये अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन लहानमोठी सुमारे १८० जहाजे आणि पंचवीस हजारांच्या आसपास माणसे घेऊन कार्ताहेनासमोर येऊन ठाकला. शहराकडे सहा लढाऊ जहाजे आणि तीन-चार हजार माणसे होती. संरक्षणाचे नेतृत्व व्हाइसरॉय सेबास्तियान दे एस्लावा आणि आरमारप्रमुख ब्लास दे लेसो यांच्याकडे होते. लेसोने पूर्वीच्या लढायांत एक पाय, एक डोळा आणि एका हाताची हालचाल गमावलेली होती. बोकाचिकाचा सान लुईस किल्ला पंधरवड्याच्या झुंजीनंतर पडला आणि इंग्रज आरमार उपसागरात शिरले. ही बातमी लंडनला पोहोचताच शहरच जिंकल्याच्या आनंदात लेसो गुडघे टेकतो आहे असे दाखवणारी पदके पाडली गेली. प्रत्यक्षात २० एप्रिलच्या पहाटे सान फेलिपेवर झालेला हल्ला पूर्ण फसला: शिड्या तोकड्या पडल्या असे सांगितले जाते, वाट चुकली, उजाडल्यावर उतारावर अडकलेल्या सैनिकांवर वरून मारा झाला. त्यानंतर पावसाळी तापाने, विशेषतः पिवळ्या तापाने, जे केले ते तोफांनाही करता आले नव्हते. डासांमार्फत पसरणाऱ्या या रोगाविरुद्ध शहरातील अनेकांच्या अंगी लहानपणापासून प्रतिकारशक्ती होती आणि ताज्या दमाच्या इंग्रज फौजेत ती नव्हती. हजारो माणसे तळांवर आणि जहाजांवर मेली व व्हर्नन मे महिन्यात निघून गेला. या स्वारीत उत्तर अमेरिकेच्या वसाहतींमधून आलेला लॉरेन्स वॉशिंग्टन हा अधिकारी होता, ज्याने पुढे आपल्या मळ्याला सेनापतीचे नाव दिले. त्याच्या धाकट्या सावत्र भावाचे, जॉर्ज वॉशिंग्टनचे, माउंट व्हर्नन हे घर त्यातून नाव पावले. लेसोचे व एस्लावाचे मात्र पराकोटीचे वाजले होते, आणि लेसो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कार्ताहेनातच, उपेक्षित अवस्थेत, मरण पावला. किल्ल्याच्या पायथ्याशी आज त्याचा पुतळा आहे.

परकीय आरमारांसाठी घातलेल्या या तटाची सर्वांत कठोर परीक्षा स्पेननेच घेतली. ११ नोव्हेंबर १८११ रोजी कार्ताहेनाने स्पेनपासून पूर्ण स्वातंत्र्य जाहीर केले, आणि १८१५ मध्ये राजाचा सेनापती पाब्लो मोरीयो याने शहराला वेढा घातला. भक्कम तट फोडण्याऐवजी त्याने अन्न तोडले. ऑगस्ट ते डिसेंबर अशा सुमारे साडेतीन महिन्यांत शहरातील जवळजवळ एक तृतीयांश लोक उपासमारीने आणि रोगांनी मरण पावले, आणि जे दरवाजे शत्रू बाहेर ठेवण्यासाठी होते त्यांच्या आतच माणसे अडकून पडली. पुढील वर्षी २४ फेब्रुवारीला स्वातंत्र्याच्या नऊ पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या; घड्याळाच्या मनोऱ्याबाहेरील रस्त्याच्या दुतर्फा त्यांचे अर्धपुतळे आहेत आणि धक्क्याकडून येणारी प्रत्येक टॅक्सी तेथे जवळून जाते. तटाच्या फांजीवर, म्हणजे चर्यांच्या मागच्या रुंद वाटेवर, संध्याकाळच्या वाऱ्यात फिरताना १८१५ हे वर्ष मनात ठेवणे योग्य ठरेल. तटाचा शेवट ज्या तेवीस घुमटाकार कोठारांशी होतो त्यांत आज हस्तव्यवसायाची दुकाने आहेत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रहदारीसाठी तटाचा काही भाग पाडला गेला. जे वाचले त्याला १९८४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत स्थान मिळाले.

१८११ ची स्वातंत्र्याची घोषणा शहरातील उच्चभ्रूंनी उत्स्फूर्तपणे केली, असा समज शालेय इतिहासाने रुजवला होता. आता संशोधकांनी तो दुरुस्त केला आहे. तटाच्या पलीकडे, पुलाने जोडलेल्या खेतसेमानी या वस्तीत लोहार, सुतार, जहाजे दुरुस्त करणारे आणि मुक्त झालेले काळे व मिश्रवंशीय कारागीर राहत असत. ११ नोव्हेंबरच्या सकाळी त्यांचा जमाव, कारागीर पेद्रो रोमेरो याच्या नेतृत्वाखाली, शस्त्रे घेऊन तटाच्या आत शिरला आणि त्यांच्या दबावाखाली शहराच्या कारभारी सभेने पूर्ण स्वातंत्र्याच्या घोषणेवर सह्या केल्या. त्रिनिदाद चर्चच्या चौकात रोमेरोचा पुतळा आहे. संध्याकाळी याच चौकात पालेंके आणि बंदर यांचे संगीत ऐकू येते: १९७० च्या दशकात आफ्रिकेतील गाण्यांच्या तबकड्या खलाशांमार्फत येथे आल्या, ‘पिको’ नावाच्या रंगवलेल्या अजस्र ध्वनिवर्धक संचांवर त्या वस्त्यावस्त्यांत वाजल्या आणि त्यांतून चांपेता हा प्रकार जन्मला. ज्या किनाऱ्यावरून माणसे बेड्यांत आली होती तेथील सूर तीन शतकांनी पुन्हा बंदरमार्गेच आले, ही या शहराच्या इतिहासातील खरोखर दिलासा देणारी घटना आहे. मात्र गेल्या वीस वर्षांत वस्तीतील घरांच्या किमती पर्यटनामुळे इतक्या चढल्या की पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे शहराच्या कडेच्या उपनगरांत सरकली, आणि भिंतींवरील सुंदर चित्रांच्या मागे अनेक घरे आता उपाहारगृहे व निवासगृहे झाली आहेत. दिवसभरासाठी येणारी हजारो माणसे जहाजातच जेवतात आणि जहाजाशी करार असलेल्या दुकानांत खरेदी करतात, त्यामुळे त्यांच्या खर्चाचा फारच थोडा भाग या गल्ल्यांत उतरतो.

म्हणून मराठी प्रवाशाला काही गोष्टी मनापासून सुचवाव्याशा वाटतात. जहाज बोकाचिकातून शिरेल तेव्हा डेकवर असावे. सकाळी आठ वाजताच सान फेलिपे गाठावा. पाचूंच्या दुकानांचा आणि टेकडीवरील मठाचा फेरा वगळावा. बग्ग्यांचा चौक व क्लावेरचे चर्च यांना मिळून दीड तास द्यावा. दुपारचे जेवण खेतसेमानीतील एखाद्या घरगुती खाणावळीत घ्यावे. पालेंकेराचे छायाचित्र घ्यायचे असेल तर आधी विचारावे, तिच्याकडून फळे विकत घ्यावीत आणि छायाचित्राचे ती मागेल ते पैसे कुरकुर न करता द्यावेत, कारण तो तिच्या दिवसाच्या कमाईचा भाग आहे. सान बासिलिओचे गाव मात्र जहाजाच्या वेळापत्रकात सुखाने बसत नाही. ज्यांना विमानाने येऊन दोन दिवस राहणे शक्य आहे त्यांनी दुसरा दिवस पूर्णपणे त्या गावासाठी ठेवावा, आणि वाटाड्या तेथलाच घ्यावा.